सगळ्यांचं नाव भटू

योगिता देवरेचा चष्मा रोज सकाळी तिला ‘नमस्कार, भटू’ म्हणायचा. तीन वर्षांत तिला त्याची इतकी सवय झाली होती की कुणी खरोखरच भटू म्हणून हाक मारली असती, तर तिने मान वळवली असती. हाक अर्थात तिला ऐकू आली नसती. नऊ वर्षांची असताना मेंदूज्वराने तिचे दोन्ही कान नेले होते. आता ती चाळिशी ओलांडलेली, धुळ्यात देवपूरला आईबरोबर राहणारी आणि रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी बाई होती. स्वभावाने तिखट आणि कामाला चोख.

चष्म्याचं नाव होतं ‘ओळ’. पुण्याच्या एका कंपनीने तो काढला होता. दिसायला साधाच, पण दोन्ही दांड्यांमध्ये बारीक माइक बसवलेले. आवाज कुठल्या बाजूने आला, कोणत्या माणसाचा आला, हे ते माइक ताडायचे. मग दांडीतलंच सॉफ्टवेअर त्या आवाजाचे शब्द करायचं आणि काचेवर, बोलणाऱ्याच्या बरोबर हनुवटीखाली, ते अक्षरांत उमटायचे. दोघे एकदम बोलले तर दोन ओळी. भांडण जुंपलं तर विचारूच नका, काच भरून जायची. सारा हिशेब चष्म्यातल्या चष्म्यात होत असल्याने शेतात, एसटीत, कुठेही तो चालायचा. जिथे त्याला शब्द लागायचा नाही, तिथे तो प्रामाणिकपणे टिंबं द्यायचा.

पहिल्या दिवशी तो घालून योगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती. आई, म्हणजे सिंधूबाई, ओट्याशी पाठमोरी. ओठ वाचून जगणाऱ्या माणसाला पाठमोरा माणूस मुकाच असतो, आणि आई स्वयंपाक करताना गप्प असते, अशीच योगिताची तीस वर्षं समजूत होती. काचेवर ओळ आली : ‘दूध ……… मेलं मांजर ……… आज ही उठली नाही का अजून ………’ आईची पाठ बोलते, हे तिला त्या दिवशी कळलं. ती तिथेच उंबऱ्यावर बसून रडली, आणि सिंधूबाईंना वाटलं, पोरीला चष्मा मानवला नाही.

त्या दिवसापासून तिला कुणाचे तरी आभार मानायचे होते. चष्म्याबरोबर फोनवर जे अॅप यायचं, त्यात ‘आम्हाला काही सांगायचंय?’ अशी एक चौकट होती. योगिताने ती कितीदा तरी उघडली आणि मिटली. आभार मानायचे तर खाली नाव घालायला हवं, आणि नाव तर भटू. चोरीच्या मालाची पावती कुणी दुकानदाराला नेऊन दाखवतं का?

कारण ‘ओळ’ची तिची प्रत फोडलेली होती. चष्म्याची चौकट स्वस्तात मिळायची. महाग होतं ते आतलं सॉफ्टवेअर, आणि त्याचं लायसन्स दरसाल नवं घ्यावं लागायचं. पाच कंदील चौकाजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या भटू बागूलने आपल्या बहिऱ्या बहिणीसाठी, ललितासाठी, एक लायसन्स रीतसर विकत घेतलं होतं. ललिताला दिसायला लागलेलं बोलणं तिच्या मैत्रिणीने पाहिलं आणि ती भटूच्या दुकानासमोर येऊन नुसती उभी राहिली. काही मागितलं नाही तिने. भटूला ते उभं राहणं सोसवेना. त्याने काही रविवार खर्ची घातले, कुलूप फोडलं, आणि आपल्या लायसन्सची हुबेहूब नक्कल तिच्या चष्म्यात उतरवून दिली. नक्कल इतकी तंतोतंत की कंपनीच्या यंत्राला सगळे मिळून एकच चष्मा दिसायचा. तिथून ती प्रत शिरपूर, चोपडा, नंदुरबार, सगळीकडे पोचली. भटूने कुणाकडून चहापलीकडे काही घेतलं नाही. खानदेशातले बहिरे बायापुरुष मात्र एका रात्रीत भटू झाले.

आता यात चूक आहे हे काय कुणाला कळत नव्हतं? कळत होतं. पण माणसाच्या मनाला सबबींची कधी टंचाई पडत नाही. ललिता म्हणायची, ज्यांना ऐकू येतं त्यांना ऐकण्याचं बिल येतं का? चोपड्याचे एक मास्तर सांगायचे, कंपनी पुण्याची, मोठी, तिला आपण म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. योगिताची सबब शेजारच्या इंदूमावशीने पुरवली होती. एकदा विरजण द्यायला आली असताना मावशीने सगळी हकीकत विचारून घेतली आणि म्हणाली, यात चोरी कसली आली? मी तुला चमचाभर विरजण दिलं तर माझं दही कमी होतं का? योगिताला ते पटलं. पटायचंच होतं तिला.

आणि तरीही ही माणसं पक्की चोर नव्हती, तिथेच सगळा घोटाळा झाला. ‘ओळ’मध्ये एक सोय होती. काचेवर चुकीचा शब्द आला की दांडीवर बोट टेकवायचं आणि फोनवर बरोबर शब्द लिहायचा. त्या दुरुस्त्या कंपनीकडे जायच्या आणि त्यातून सॉफ्टवेअर नवी बोली शिकायचं. इतर ठिकाणी फोडलेल्या प्रती वापरणारे ही वाट आधी बंद करत, पकडले जायला नको म्हणून. भटूने ती मुद्दाम चालू ठेवली. प्रत देताना तो प्रत्येकाला बजावायचा, फुकट घेतलंय, तर निदान त्यांच्या चुका तरी सांगत जा. आणि माणसं सांगत होती. शेतातून, ओट्यावरून, दवाखान्यातून, मन लावून सांगत होती. आपण फुकटे नाही, आपण शब्द देतो, अशी त्यांच्या मनाची समजूत होती. योगिताने तर लॅबमधल्या शिस्तीने शेकडो शब्द पाठवले होते.

मग सिंधूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. तसा हलका होता. हात वाचला, चालणं वाचलं, तोंड थोडं वाकडं झालं. बोलणंही परत आलं, पण मराठी आली नाही. आली ती अहिराणी, सिंधूबाईंच्या माहेरची.

यामागे एक जुनी गोष्ट होती. योगिताचे कान गेले तेव्हा वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सिंधूबाईंना सांगितलं होतं की मुलीशी एकच भाषा बोला, पुस्तकातली, सावकाश, तोंड नीट उघडून. घरची बोली बोललात तर मुलगी गोंधळेल. सिंधूबाईंनी ते व्रतासारखं पाळलं. सगळ्या जगाशी अहिराणी आणि लेकीशी शाळेतली मराठी; पुढे तर घरात स्वतःशी पुटपुटतानाही अर्धी मराठीच यायची. योगिताचे डोळे त्याच मराठीवर तयार झाले. आता झटक्याने ते शिकलेलं सगळं धुऊन नेलं आणि जे जन्माबरोबर आलं होतं तेवढं खाली उरलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं.

योगिता आईसमोर बसायची. आई बोलायची, पुष्कळ बोलायची, वाकड्या ओठांतून, हातवारे करून. काचेवर यायचं : ‘……… ……… तू ……… ………’ टिंबं, टिंबं आणि मध्येच एखादा ओळखीचा शब्द.

इंदूमावशीला सगळं समजायचं. योगिता तिला विचारायची, आई काय म्हणाली? मावशी बिचारी प्रेमाने सांगायची, काही नाही गं, असंच. बहिऱ्या माणसाने आयुष्यात सगळ्यात जास्त काय वाचलेलं असतं, तर हे ‘काही नाही’. पंगतीत सगळे हसतात आणि त्याने विचारलं की काही नाही. घरात दोघांचं वाजतं आणि काही नाही. चष्मा आल्यापासून योगिताच्या आयुष्यातून हे दोन शब्द हद्दपार झाले होते. आता ते आईच्या खाटेशी येऊन बसले, आणि आईचं वय पाहता फार दिवस थांबणं शक्य नव्हतं.

तिने मावशीला शेजारी बसवून दुरुस्त्यांचा सपाटा लावला. आई बोलेल तो शब्द मावशी लिहून द्यायची, योगिता तो कंपनीकडे पाठवायची. महिने गेले. टिंबांतलं एक टिंब हललं नाही. भटूच्या दुकानात जाऊन तिने विचारलं. त्याने चष्मा उघडून पाहिला, दुरुस्त्या तर जातायत, म्हणाला, आणि डोकं खाजवत बसला.

उन्हाळा सरता सरता कंपनीने धुळ्यात एका मंगल कार्यालयात शिबिर ठेवलं. बोलायला आली होती शर्वाणी कामत, ‘ओळ’ला बोली शिकवणाऱ्या विभागाची प्रमुख. पस्तिशीची, उत्साही मुलगी. सभागृह भरलेलं पाहून ती हरखली. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या नाकावर तिचंच सॉफ्टवेअर फुकट चालत होतं, आणि तिचं भाषण सगळ्यांच्या काचांवर स्वच्छ उमटत होतं.

बोली शिकवायची कशी, ते तिने सोपं करून सांगितलं. कुणी टवाळखोर एकटाच बसून हजार खोटे शब्द पाठवू शकतो. म्हणून यंत्र शब्द मोजत नाही, माणसं मोजतं. एका माणसाने एक शब्द हजारदा पाठवला तरी त्याचं मत एकच. पुरेशी वेगवेगळी माणसं तोच शब्द सांगू लागली की त्या भागाच्या बोलीचं नवं पान उघडतं. आणि एखादा माणूस आज एक, उद्या दुसरंच सांगू लागला, तर यंत्र त्याच्यावरचा विश्वास काढून घेतं आणि त्याचं काहीच धरत नाही.

“खानदेशातून आजवर जेमतेम वीस-पंचवीस माणसं आली आहेत,” शर्वाणी म्हणाली. “त्यामुळे अहिराणीचं काम या वर्षी बंद करावं लागतंय. मला वाईट वाटतं. तशी इथून एका माणसाने फार मेहनत घेतलीय. भटू म्हणून कुणी गृहस्थ आहेत. आमच्या ऑफिसात ते प्रसिद्ध आहेत. सकाळी ते शिरपूरला गाई दोहतात, त्याच वेळी नंदुरबारला बाळंत होतात, आणि एकाच शब्दाची चार गावची चार रूपं पाठवतात. आमच्या मोजणीत काही तरी बिघाड आहे, दुसरं काय.”

ती हसली. सभागृहात कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे पाहत होते, आणि शर्वाणीला वाटलं की विनोद पडला.

योगिताला मात्र सगळा उलगडा झाला. मांजराने डोळे मिटून दूध प्यावं, तसं तीन वर्षं चाललं होतं. आणि त्या मिटल्या डोळ्यांनी सगळ्यांनी आपलेच शब्द बुडवले होते. हजारो माणसांनी प्रामाणिकपणे फेडलेलं सगळं एका भटूच्या नावावर जमा झालं, आणि यंत्राने त्या भटूला खुळा ठरवून बाजूला ठेवलं. आईचे शब्दही त्यातच गेले.

चहाच्या वेळी तिने भटूला दाराशी गाठलं. तो ललिताला घेऊन आला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. जाऊन सगळं सांगून टाकते, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने तिला बाजूला ओढलं.

“ताई, तुम्ही काय बोलू राहिले, समजतं का?” त्याची ओळ काचेवर भराभर सरकत होती. “त्यांनी माझं लायसन्स बंद केलं, की आज रात्री सगळ्या खानदेशातले चष्मे आंधळे. तुमची एक आई आहे. इथं हजारो घरं आहेत.”

“त्या घरांतही टिंबंच आहेत, भटूभाऊ,” योगिता म्हणाली. “तुमच्या आजीचं बोलणं ललिताच्या चष्म्यात कधी दिसलं का?”

भटूने वळून ललिताकडे पाहिलं. त्याची आजी ललिताला जवळ घेऊन अहिराणीत काय काय सांगायची, ते ललिताने कधीच वाचलं नव्हतं, आणि आता आजी नव्हती. मग तो म्हणाला की जा, पण नाव फक्त माझं सांगा, बाकी कुणाचं नको. नाहीतरी सगळ्यांचं नाव माझंच आहे.

“तुमचं नाव फार वापरलं,” योगिता म्हणाली. “आता माझं वापरते.”

शर्वाणी सामान आवरत होती. योगिताने तिच्यासमोर उभं राहून आपल्या सपाट, वर-खाली होणाऱ्या आवाजात सांगितलं, “तुमच्या मोजणीत बिघाड नाही. मी योगिता देवरे. तीन वर्षं मी भटू आहे. या सभागृहातले निम्मेअधिक भटू आहेत.”

शर्वाणीला उलगडायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा लाल झाला. गोष्टीतल्या देवमाणसासारखी ती काही लगेच विरघळली नाही. अख्खा एक उन्हाळा आपण आणि आपली ऑफिसातली मैत्रीण नसलेला बिघाड शोधत होतो, त्यापायी मैत्रिणीने नोकरी सोडली, वरिष्ठांनी आपल्याला अडाणी ठरवलं, हे तिने जे सुनवायला सुरुवात केली ते योगिताने सगळं वाचलं, मान खाली न घालता. बहिऱ्या माणसाला ती सोय नसते. मान खाली घातली की समोरचा काय बोलतो ते कळत नाही.

“चोरीची शंका आम्हालाही आली होती,” शेवटी शर्वाणी म्हणाली. “पण चोर दुरुस्त्या पाठवत नाहीत, हे आम्ही धरूनच चाललो होतो. तुम्ही कसले चोर आहात हो?”

“फुकट घेतलं होतं,” योगिता म्हणाली. “चुका तरी सांगाव्यात म्हटलं.”

शर्वाणी खुर्चीवर बसली. ते सगळे शब्द पुसलेले नाहीत, नुसते बाजूला पडलेत, हे तिने मग सांगितलं. पण ते उपयोगात आणायचे तर एका भटूची पुन्हा माणसं करायला हवीत. ज्याने त्याने आपल्या नावाने यायचं आणि हे शब्द माझे म्हणायचं. कंपनी ते ऐकेल की पोलिसांकडे जाईल, हे मी सांगू शकत नाही, असंही तिने स्वच्छ सांगितलं.

पुढचे दिवस योगिताचे वाईट गेले. शर्वाणी पुण्यात कुणाकुणाशी भांडली ते धुळ्याला कळलं नाही. शेवटी पत्रक आलं. आपल्या नावाने येईल त्याला मागचं विचारणार नाही. लायसन्सची किंमत खानदेशापुरती निम्मी. माफ नाही. आणि भटू बागूल या नावाचं जुनं लायसन्स दिवाळीला बंद.

खानदेशातल्या बहिऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यावर योगिताचा उद्धार झाला. घरभेदी म्हणाले तिला. चोपड्याच्या मास्तरांनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं. आईची टिंबं वाचण्यासाठी आपण लोकांचे डोळे काढले की काय, या विचाराने तिला जेवण जाईना. फोडलेलं चांगलं चाललं होतं, असं तिच्याही मनात येऊन जायचं.

गाडा पुढे ढकलला तो भटूने. एरवी तो ग्रुपवर सुप्रभातसुद्धा लिहायचा नाही. त्याने एकच ओळ लिहिली, आणि ललिताने ती योगिताला दाखवली : ‘तीन वर्षं माझं नाव वापरलं, मी काही बोललो नाही. आता माझं मला वापस द्या, आणि आपापलं घाला.’

यावर वाद कसा घालणार? त्याचं नाव होतं, तो मागत होता. इंदूमावशीही तेव्हा बोलून गेली की विरजण फुकट देतात खरं, पण आपलं दही लागलं की वाटी रिकामी परत करायची नसते. ही पुरवणी तिने आधी जोडली असती तर बरं झालं असतं. पण सबब मागणाऱ्याला पुरवणी कोण सांगतं. हळूहळू माणसं येऊ लागली. आधी ललिता, मग शिरपूरची गवळीण, मग नंदुरबारची ती बाळंतीण, आता तिचा मुलगा चालायला लागला होता. कित्येक आले नाहीत. त्यांनी दुसरं काही तरी फोडून घेतलं असेल, त्यांचं ते जाणोत. पण आले ते पुरेसे होते. बाजूला पडलेला ढीग माणसामाणसांत वाटला गेला, आणि यंत्राला एका खुळ्या भटूच्या जागी चार तालुक्यांची शहाणी माणसं दिसू लागली. सगळ्यात शेवटी मास्तरही आले, आणि त्यांनी योगिताला ग्रुपमध्ये परत घेतलं.

श्रावणातले कानबाईचे रोट होऊन गेले आणि त्यानंतरच्या एका सकाळी योगिताने चष्मा लावला. काचेवर आलं : ‘नमस्कार, योगिता.’

ही कोण, असं तिला आधी वाटलं. मग हसू आलं.

तिने गॅसवर दूध ठेवलं आणि आईच्या खोलीत गेली. सिंधूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पाठमोऱ्याच. त्यांच्या विस्कटलेल्या अंबाड्याखाली अक्षरं उमटू लागली. एक टिंब आलं, दुसरं आलं, आणि मग शब्द आले :

‘कव्हयनी बोलस मी. तू ध्यानच देस नही.’

योगिता दाराची चौकट धरून उभी राहिली. नऊ वर्षांची असताना बंद झालेला तो आवाज तिला ऐकू आला नाही. तो आता कधीच येणार नव्हता. पण शब्द तेच होते. अंगणात हाका मारणारे, भाकरीसाठी बोलावणारे, ज्वराच्या आधीचे. आई सगळे महिने हेच म्हणत होती. कधीची बोलतेय, तुझं लक्षच नाही. आणि मावशी प्रेमाने सांगत होती, काही नाही.

“आते देस, माय,” योगिता म्हणाली. तीस वर्षांत तोंडाला न लागलेली बोली होती, वाकडीतिकडीच आली असणार.

सिंधूबाईंनी सावकाश कूस बदलली. लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. वाकड्या ओठांचं हसू आणखी वाकडं झालं, डोळे भरून आले, आणि हनुवटीखाली नवी ओळ आली :

‘मंग दूध देख. उतू जाई.’

दूध गेलंच होतं. ओटा पुसून झाल्यावर योगिताने फोन घेतला, ती जुनी चौकट उघडली आणि लिहिलं : ‘आज आईने मला दूध बघायला सांगितलं. मी वाचेपर्यंत ते उतू गेलं. आम्ही दोघी तुमच्या फार फार आभारी आहोत. – योगिता देवरे, देवपूर, धुळे.’